मालक ती, लायसन्स दुसऱ्याचं

माझी वहिनी रागावली की आरडाओरडा करत नाही. गप्प होते आणि हातातलं काम जरा जास्तच नीट करते. शेठकडची नोकरी सोडून ती घरी आली त्या संध्याकाळी तिने पातेली अशी चकचकीत घासली, की आईने मला खुणेनेच विचारलं, काय बिनसलं?

तसं ते कित्येक वर्षं बिनसत होतं. शेठ म्हणजे वीजकामाचे मोठे ठेकेदार. वहिनी लग्नाआधीपासून त्यांच्याकडे वायरमन. बाई असली तरी म्हणतात वायरमनच, आणि तिचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. वायरी ओढणं, बोर्ड बसवणं, मोठाली पॅनेलं जोडणं, सगळं ती करायची. सही शेठची, कारण "लायसन्स माझं आहे," हे ते येताजाता ऐकवायचे. स्वतःच्या लायसन्सच्या परीक्षेला बसायचं, तर हिने माझ्या हाताखाली काम केलंय असं लायसन्सवाल्याकडून लिहून घ्यावं लागतं. वहिनी दरवर्षी ते मागायची आणि शेठ दरवर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचे. त्या दिवशी चहा पिता पिता ते खरं बोलून गेले.

"तू पास झालीस तर माझी पॅनेलं कोण जोडणार? मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेऊ?"

वहिनीने आपली पक्कड आणि टेस्टर पिशवीत टाकले, शेठचं ड्रिल मशीन पुसून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि ती निघून आली.

"आता नोकरी कुठे बघायची?" दादाने विचारलं. दादा, म्हणजे माझा भाऊ, चपलांच्या दुकानात विक्रेता आहे. कुठलाही प्रश्न तो गिऱ्हाइकाला माप विचारावं तसा हळू विचारतो.

"नोकरी नाही. स्वतःची फर्म काढणार."

"आणि लायसन्स?"

"नाहीये."

आई म्हणाली, "म्हणजे गाडी चालवायचा परवाना नाही आणि टॅक्सीचा धंदा करणार."

"टॅक्सीच्या मालकाला कुठे परवाना लागतो, आई? ड्रायव्हरला लागतो."

आईने मला विनाकारण भाजी निवडायला बसवलं. पण वहिनी बरोबर बोलत होती. नियमांचं पुस्तक तिने जेवणाच्या सुट्टीत वाचून काढलं होतं. काम घेणाऱ्या फर्मकडे एक लायसन्सवाला माणूस नोकरीवर हवा, एवढीच अट होती. तो मालकच असावा असं कुठे म्हटलं नव्हतं.

असा माणूस तिला मिळाला तो अर्थिंगकाका. गिरणीच्या वीजखात्यातून निवृत्त झालेला, दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायच्या आधी "अर्थिंग कुठे केलंय?" असं विचारणारा. लायसन्स तो सवयीने चालू ठेवत आला होता. वहिनीला दारातच म्हणाला, "सही विकत घ्यायला आली असशील तर आल्या पावली जा."

"सही नको. माणूस हवाय, पगारावर."

काकाने तिला आत घेतलं. म्हणाला, प्रत्येक काम मी स्वतः बघणार, आणि उखडा म्हटलं तर उखडायचं. वहिनी हो म्हणाली. हे हो किती महाग पडणार होतं, ते तिला तेव्हा कळलं नव्हतं.

नोंदणीच्या खिडकीवर कारकुनाने अर्ज उलटा सुलटा करून पाहिला. "मालक तुम्ही आणि लायसन्स यांचं? सहसा उलटं असतं."

"सहसा असतं," वहिनी म्हणाली. "नियमात नाही."

तो आत जाऊन साहेबांना विचारून आला आणि त्याने शिक्का मारला.

पहिलं मोठं काम एका लाँड्रीचं. ओली फरशी, वाफ, धडधडणारी यंत्रं. वहिनीने दोन माणसं घेऊन झपाट्याने काम उरकलं. काकाने येऊन एका भिंतीवर बोट ठेवलं. "हा वायरीचा पाइप पाण्याच्या नळाच्या फार जवळून नेलाय. काढा."

"मधे जागा आहे की. शेठकडे तर याहून जवळून नेत होतो."

"काढा."

"काका, मालक मी आहे."

"आहेस. आणि लायसन्स माझं आहे."

शेठचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकून वहिनी लाल झाली. ती बाहेर जाऊन फाटकापाशी उभी राहिली. परत आली ती छिन्नी-हातोडा घेऊनच. भिंत तिने स्वतः फोडली, कुणाला हात लावू दिला नाही. त्या रात्री आमच्या घरातली पातेली पुन्हा चकचकली.

एव्हाना शेठनी गावभर केलं होतं की बाई बिनलायसन्सची आहे, हात लावाल तिथे शॉक बसेल. नुसतं बोलून भागेना तेव्हा त्यांनी तक्रार केली. लाँड्रीत इन्स्पेक्टर आला. काकाचे कागद बघितले, स्वतःच्या यंत्राने एकेक जोड तपासला, बोर्डावर धोक्याची पाटी नव्हती ती लावायला सांगितली. जाता जाता त्याने वहिनीला विचारलं, "पण बाई, लायसन्स मिळेपर्यंत थांबायला काय हरकत होती?"

"ज्याच्या सहीसाठी थांबायचं, तोच ती देत नव्हता," वहिनी म्हणाली. "मग किती थांबायचं, हे त्यालाच ठरवू द्यायचं का?"

इन्स्पेक्टर हसला नाही. पण पाटी लावलेली बघायला तो पुन्हा आला नाही.

फर्म चालायला लागली. परीक्षेला लागणारा अनुभव काकाच्या हाताखाली पुरा झाला, त्याने तसं लिहूनही दिलं, तरी वहिनी कामाच्या धबडग्यात अर्ज पुढे ढकलत राहिली. एका शाळेचं वायरिंग निम्मं झालं असताना काकाने बोर्ड उघडला, चष्मा पुसला आणि पुन्हा आत पाहिलं. मग म्हणाला, "मला लाल आणि काळी वायर आता सारखीच दिसते. डॉक्टरांनी सांगितलंय, सुधारणार नाही. मी लायसन्स परत करतोय."

दादा म्हणाला, शाळा तेवढी पुरी कर, कोणाला कळतंय. दोन्ही कामगारही तेच म्हणाले. वहिनीने ऐकलं नाही. "लायसन्सवाल्या माणसाशिवाय मी काम करते असं शेठ म्हणत होते. ते मी खरं करून दाखवू?" तिने शाळेला कळवलं, कामगारांना दुसरीकडे लावून दिलं आणि फर्मच्या गाळ्याचं शटर ओढलं. शाळेचं काम शेठना मिळालं.

मग शेठ स्वतः घरी आले. आईने चहा दिला. ते म्हणाले, "झालं गेलं विसर. तुझी फर्म माझ्या नावाखाली आण, सही मी देतो."

"चहा घ्या, शेठ," वहिनी म्हणाली. "निवतोय."

त्यांनी तो घेतला नाही. ते गेल्यावर आईनेच तो पिऊन टाकला आणि म्हणाली, "माणूस आगाऊच आहे." वहिनीच्या बाजूने ती पहिल्यांदाच बोलली.

त्यानंतर वहिनी घरी लोकांचे मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करायची आणि काकाकडे जाऊन अभ्यास करायची. काका डोळे मिटून प्रश्न विचारायचा. पहिल्या खेपेला तोंडी परीक्षेत ती नापास झाली. उत्तर येत होतं, पण परीक्षकाशी वाद घालत बसली. ही बातमी शेठनी आमच्याआधी सगळ्यांना सांगितली. दुसऱ्या खेपेला ती वाद न घालता पास झाली. घरी येऊन मात्र म्हणाली, त्या प्रश्नात माझंच बरोबर होतं.

शटर उघडल्यावर पहिलं काम आलं पिठाच्या गिरणीचं. तपासून सही करायला आता तीच होती. मी नंतर विचारलं, "पहिल्यांदा सही करताना भीती वाटली का गं?"

"नाही," वहिनी म्हणाली. "पण सही करायच्या आधी एक बोर्ड मला आवडला नाही. तो उखडायला लावला. कामगार अजून माझ्याशी बोलत नाहीयेत."