पितळेचा सोस

माझ्या मामाला हसू यायचं ते समोरचा घाबरला की. लहानपणी सुट्टीत आम्ही भावंडं त्याच्या वाडीत जायचो. पोलादपूरहून कुडपणकडे चढणाऱ्या वाटेवर, डोंगराच्या कुशीत त्याचं घर. तिथल्या विहिरीच्या काठावर तो आमच्यातल्या एकाला बगलेत धरून आत लोंबकळत ठेवायचा आणि विचारायचा, "बोल, सोडू?" जो रडेल त्याची दिवसभर नक्कल करायचा. फौजेत होता, तिथून सुटल्यावर महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकावर राखण करायचा. दोन्हीकडचा गणवेश त्याने सारख्याच ऐटीत घातला.

मामी तुडीलची, नदीकाठची. बुटकी, काटक, कमी बोलणारी. लावणीच्या वेळी तिच्या बरोबरीने चालणारी दुसरी बाई वाडीत नव्हती. तिच्या गळ्यात काळी पोत आणि दोन वाट्या, बाकी अंगावर काही नाही. कानातलं घालणं तिने इतकी वर्षं सोडलेलं की कानांची भोकंही बुजून गेली होती. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे लोक तिच्याबद्दल भलतंच बोलायला लागले.

मामाचा एक छंद होता. फौजेतून येताना त्याने रिकाम्या पुंगळ्या आणल्या होत्या, गोळी उडून गेल्यावर मागे राहतात त्या. चिंच आणि राख लावून तो त्या अशा घासायचा की सोन्याला मागे सारतील. मग मागच्या बाजूला गॅसच्या बत्तीने डाख लावून, म्हणजे धातू वितळवून जोड देऊन, बारीक कडी बसवायचा आणि काळ्या दोऱ्यात ओवून द्यायचा. आमच्या घरातल्या प्रत्येक पोराच्या गळ्यात कधी ना कधी ते लॉकेट पडलं. माझ्याही पडलं. देताना तो पुंगळीचं तोंड डोळ्यापाशी धरायला लावायचा. "आत काय दिसतंय?" "काही नाही, मामा." "तुझ्या डोक्यात पण तेवढंच हाय." सगळे हसायचे. त्या पुंगळ्यांनी कुणाला कधी इजा झाली नाही. त्यांच्यात काही उरलंच नव्हतं.

फाटकावरची नोकरी संपली तसे मामाचे हात कापायला लागले. आधी चहाची बशी, मग दाढीचं पातं. डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की तो सांगणाऱ्यावरच उसळायचा. कडी बसवायचं काम मात्र त्याने सोडलं नाही. डाख लावताना पुंगळी पकडीत धरून बसायचं काम मामीकडे आलं.

त्या शिमग्याला मी महाडच्या बँकेतून रजा काढून चार दिवस वाडीत आले होते. मुंबईहून मामाचा मुलगा नव्या बायकोला घेऊन आला होता. पालखी नाचवून झाली, जेवणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने सुनेसाठी घासून ठेवलेली पुंगळी काढली. मुलाने ती हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"बाबा, हे भंगार झालं. माझ्या दोस्ताकडे रियल हाय. पुढे टोक असलेली, फुल गोळी. ही खाली हाय."

"खालीच घालतात," मामा म्हणाला.

"तुमच्याकडे भरलेली असणार कुठून? फाटक उघडायला गोळी थोडीच लागते."

सून फिसकन हसली. मामाने आयुष्यभर लोकांना असंच हसत हसत कापलं होतं, पण त्याला कापलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तो उठला, माळ्यावर चढला आणि एक गंजका पत्र्याचा डबा घेऊन खाली आला. डब्यात शिकारीच्या रायफलीची जुनी काडतुसं होती, टोकांसकट. खालच्या गावातला एक शिकारी वारला तेव्हा त्याच्या बायकोने हा डबा मामाकडे दिला होता. तुम्ही फौजेतले, पोलिसांत जमा करून टाका, असं सांगून. मामाने "करतो" म्हटलं आणि माळ्यावर टाकला.

मामी चुलीपाशी होती. डबा पाहून बाहेर आली.

"ह्या भरलेल्या हायत."

"मेल्यात," मामा म्हणाला. "तळीयेची दरड आली त्या पावसात आपलं छप्पर गळलं, डबा आठवडाभर पाण्यात होता. दारू भिजून चिखल झाली असेल."

"आणि जिवंत असली तर?"

"तर तू मरशील. मी दुसरी करीन."

मुलगा हसला, सून हसली. मामीसुद्धा हसली, तोंडाला पदर लावून. मी म्हटलं, "मामा, पुरे झालं, ठेवा ते." तो म्हणाला, "बँकेतल्या बाईनं नोटा मोजाव्यात. जा, पावटे सोल."

मी खरंच ओटीवर पावटे सोलत बसले. तिथून मागचं अंगण दिसत होतं. मामा पाटावर बसला, समोर मामी. मामीच्या डाव्या हातात पकड, पकडीत काडतूस, टोक तिच्याकडे आणि बूड मामाकडे. सून उभी राहून मोबाईलवर चित्रण करत होती. मामाने गॅसची बत्ती पेटवली आणि निळी जीभ पितळेवर धरली.

"हात हलवू नको."

"मी नाय हलवत. तुमचा हलतोय."

"तोंड बंद कर."

ही त्यांची शेवटची साधी बोलाचाली.

आवाज बंदुकीसारखा नव्हता. दगडावर मोठा नारळ फुटावा तसा होता. पत्र्यावरचे कावळे उडाले. मी धावले तेव्हा मामी बसल्या जागी तशीच बसलेली होती, पाठ ताठ. पकड लांब भिंतीशी पडली होती. डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं जिथे असायला हवीत तिथे काही नव्हतं. चेहऱ्याच्या एका बाजूने रक्त ओघळत होतं आणि ती उजव्या हाताने डोळा पुसायचा प्रयत्न करत होती. डोळ्यात धूर गेल्यावर पुसतात तसा.

मामाच्या कपाळावर एक ओरखडा होता. तेवढाच. तो म्हणाला, "मेलेली होती." मग तिच्याकडे बघून म्हणाला, "हलवलास ना हात?"

शेजारच्याची जीप होती. मामीला मागे आडवं घेतलं, डोकं माझ्या मांडीवर. पोलादपूरच्या दवाखान्यात त्यांनी नुसतं कापड गुंडाळलं आणि महाडला घेऊन जा म्हणाले. त्या वाटेवर मामा पुढच्या सीटवरून मागे वळून बोलत राहिला. तिच्या दुखण्याबद्दल एक शब्द नाही.

"ऐकतेस काय गो? कुकर फुटला सांगायचं. कुकर. गोळीचं नाव काढलंस तर पोलीस मला नेतील. पेन्शन जाईल. मग ह्या हाताला औषध कोण घालील, तुझा बाप?"

मामीने मान हलवली. मुलाने बायकोचा मोबाईल घेतला आणि ते चित्रण पुसून टाकलं. सावित्री नदीच्या पुलावर त्याने जीप थांबवायला लावली, खाली उतरला आणि उरलेला डबा पाण्यात फेकून दिला. मामी कण्हत होती आणि आम्ही डबा बुडायची वाट बघत पुलावर थांबलो होतो.

महाडच्या डॉक्टरांनी कापड सोडलं आणि विचारलं, "काय झालं?"

"कुकर फुटला," मामी म्हणाली. ओठ फाटलेला, शब्द नीट येत नव्हते, पण हे तिने नीट म्हटलं.

डॉक्टरांनी चिमट्याने तिच्या गालातून एक पिवळा तुकडा ओढून काढला आणि ट्रेमध्ये टाकला. टण्ण आवाज झाला. "काय मावशी, कुकरात पितळ शिजत होतं?" परिचारिकेला हसू आवरलं नाही. मामी मात्र शेवटपर्यंत कुकर, कुकरच म्हणत राहिली. एक्स-रे फोटो काढला तर मानेत, गालात, डोळ्यात ठिपकेच ठिपके. डोळ्यासाठी मुंबईला न्यावं लागलं आणि तिथे तो काढूनच टाकावा लागला. मानेतले दोन तुकडे अजून आत आहेत. काढायला गेलं तर जास्त बिघडेल, म्हणून ठेवलेत.

डॉक्टरांनी कळवलं, त्यामुळे पोलीस आलेच. आलेला हवालदार वयस्कर होता. मामीचा जबाब घ्यायच्या आधी तो माझ्याशी बाहेर बोलला. "बंदुकीत असली की गोळी पुढे जाते, कारण बाजूने नळी घट्ट असते. मोकळी असली की पुंगळीच फाटते, आणि तिचे तुकडे चहूकडे. भिजली म्हणून मेली असं कुणी धरून चालायचं नसतं. फौजी माणसाला हे ठाऊक नसेल?" मी त्याला जे पाहिलं ते सगळं सांगितलं. मामा, डबा, बत्ती, पकड. त्याने मान डोलावली आणि आत गेला.

आत मामीने जबाब फिरवला. कुकर चालेना, तेव्हा मामाने तिला दुसरं शिकवून ठेवलं होतं. ती म्हणाली, "एकच होती. रानात पाला आणायला गेले तिथं मिळाली. चकचकीत दिसली. मला गळ्यात घालायची होती. घरात कुणाला म्हायती नव्हतं. मीच बत्ती लावली."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खोटं आहे हे." मामीने उरलेला डोळा माझ्यावर रोखला. "तुला काय माझा संसार मोडायचा हाय? तू तिथं नव्हतीस. तू पावटे सोलत होतीस."

जखमी बाई स्वतः सांगते आहे, डबा नाही, चित्रण नाही, सून-मुलगा बाहेर गेलो होतो म्हणतात. थोडे दिवस चौकशा झाल्या आणि विषय बसला.

विषय पोलिसांपुरता बसला. वाडीत उठला. मामी घरी आली तोवर गोष्ट पक्की झाली होती: म्हातारपणी बाईला दागिन्याचा सोस सुटला, सोन्याची म्हणून गोळी गळ्यात घालायला गेली आणि डोळा घालवून बसली. पाणवठ्यावर बायका एकमेकींना सांगायच्या, "पितळेचा सोस गो बाय, पितळेचा." पोरं तिला लांबून "ए लॉकेट" हाक मारायची. सुनेला मुलगी झाली तेव्हा बारशाला मामीला बाळाला काजळ लावू दिलं नाही. सुनेची आई म्हणाली, "तुम्ही राहू द्या, एका डोळ्यानं अंदाज येत नाय." ते चित्रण त्याच सुनेने केलं होतं. ती बाळाचं दुपटं सारखं करत बसली.

सगळ्यात वाईट म्हणजे मामा. पहिल्यांदा त्याने ती गोष्ट घाबरून सांगितली असेल. मग सवयीने. आणि वर्षभरात त्याला ती खरी वाटायला लागली. आल्यागेल्याला तो मामीच्या देखत सांगायचा, "मी बाजारात गेलो होतो. येऊन बघतो तर ही रक्तात. काय तर म्हणे नटायचं होतं." मामी अर्ध्या पंजाच्या आधाराने चहाचा ट्रे धरून उभी असायची. एकदा मी उठून म्हटलं, "मामा, मी होते तिथे." तो माझ्याकडे खरोखर आश्चर्याने बघत राहिला. खोटं बोलणारा माणूस नजर चुकवतो. त्याने चुकवली नाही. पाहुणे गेल्यावर मामी मला म्हणाली, "तू येत जाऊ नको." मी दोन वर्षं गेले नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर कळलं की मामाला कंपवाताने पुरतं धरलं आहे. घास तोंडापर्यंत जात नाही, पेला धरवत नाही. गेले भेटायला. दुपारची जेवायची वेळ होती. मामा भिंतीला टेकून बसला होता, छातीवर टॉवेल बांधलेला. पार वाळला होता. मामी समोर बसून भात कालवत होती. तिने घास उचलला, त्याच्या तोंडापाशी नेला आणि मध्येच थांबवला.

"कुणी धरली होती बत्ती?"

मामाने तोंड उघडं ठेवलं. लाळ हनुवटीवर आली.

"कुणी?"

"तू," तो म्हणाला. बोलणंही आता तुटक झालं होतं.

मामीने घास परत ताटात ठेवला. हात मांडीवर घेतला. बाहेर कोंबड्या उकरत होत्या. दुधावर साय धरावी तसा भात वरून सुकायला लागला.

"मी," मामा म्हणाला.

तिने घास दिला. पुसलं. दुसरा घास उचलला. "डबा कुणी काढला?"

मी म्हटलं, "मामी, अगं हे काय?"

"रोजचं हाय," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. "ह्यांना आठवत नव्हतं ना. आता थोडं थोडं आठवतंय."

"उपाशी ठेवतेस?"

"सगळं ताट संपवतात. वेळ लागतो."

मामाच्या डोळ्यांत पाणी होतं. ते दुखण्याचं की कशाचं, मला सांगता येणार नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. मला वाटलं, मदत मागतोय. मी ताटाकडे हात केला. "दे, मी भरवते."

मामीने ताट आपल्याकडे ओढलं. "एक दिवस भरवशील आणि महाडला जाशील. उद्या कोण? रोज यायचं असेल तर घे."

मी हात मागे घेतला.

"डबा कुणी काढला?" तिने पुन्हा विचारलं. आवाजात राग नव्हता. शाळेत पाढे म्हणून घेतात तसा आवाज होता. मामाने उत्तर दिलं, घास मिळाला. मग तिने विचारलं, "पकड कुणाच्या हातात दिली?" मी चपला घातल्या. ती बसूनच म्हणाली, "जाताना दार ओढून घे, कोंबड्या आत येतात." मी दार ओढून घेतलं आणि पोलादपूरच्या गाडीसाठी फाट्यावर येऊन उभी राहिले.