बाकाची उजवी बाजू

निघाले त्या दिवशी आमच्या फाट्यावर एसटी उभी होती आणि आई खिडकीखालून डबा वर देत होती. डबा गरम म्हणून तिने पदर त्याला गुंडाळला होता. तो सोडवण्याच्या गडबडीत बोलायचं होतं ते सगळं राहून गेलं. बस हलली तेव्हा ती दोन पावलं बरोबर चालली आणि एवढंच म्हणाली, “नंदे, लोकाच्या घरी बसशीन तं काठावर बसजो वो. पसरून नोको बसू.”

माझं लग्न नुकतंच झालं होतं. ह्यांना अंबरनाथला, आनंदनगर एमआयडीसीत हेल्परची नोकरी लागली होती. मी सातवी शिकलेली. आठवीचा वर्ग तालुक्याला होता आणि पाठची भावंडं माझ्याच कडेवर होती, म्हणून शाळा तिथेच संपली. यवतमाळकडची बोली, सातवीचं शिक्षण आणि काठावर बसायची शिकवण, एवढं घेऊन मी इकडे आले.

गावी गेले की तुम्ही सगळ्या मैत्रिणी विचारता, नंदे, तू तिथं नेमकं करतेस तरी काय? मी हसून विषय बदलते. आज सांगते. माझ्यासारख्या ज्या निघून आल्यात, कुठे सुरतला, कुठे पुण्याला, त्यांनीही वाचावं. त्यांना कदाचित जास्त कळेल.

सुरुवातीला मी उल्हासनगर कॅम्पातल्या कारखान्यांतून जीन्सचे गठ्ठे घरी आणायचे. शिवलेल्या पँटचे लोंबणारे धागे कात्रीने कापायचे, त्याला इकडे धागाकटिंग म्हणतात. दिवसभर ते केलं की बोटं निळी होतात आणि साबणाने जात नाहीत. गठ्ठे देणारा सेठ म्हणायचा, “जल्दी कर बेटी, माल खड़ा है.” मला हिंदी येत नव्हती. मान हलवायची, बस. मग शेजारणीने अंबरनाथ पूर्वेला दामले मॅडमकडे स्वयंपाकाचं काम लावून दिलं.

मॅडमचे मिस्टर फॅक्टरीत अधिकारी होते. ते वारले, मुलगा बंगळुरूला गेला, आणि मॅडम तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकट्या पियानो शिकवायच्या. काळा, लाकडी, भिंतीला टेकून उभा असलेला पियानो. पहिल्या दिवशी मी तो बाजाच्या पेटीसारखा मागून उघडतो का म्हणून बाजूने डोकावून बघितलं होतं.

मॅडम नुसत्या शिकवायच्या नाहीत, मुलांसाठी नवीन तुकडेही बांधायच्या. त्यांचं म्हणणं, बाहेरून येतात त्या पुस्तकांत पहिल्या पायरीला बर्फाचा माणूस, दुसरीला घोड्याचं पिल्लू. “अंबरनाथच्या पोराने बर्फ कुठे बघितलाय? बघितला असेल तर रसवंतीत!” म्हणून त्यांच्या तुकड्यांची नावं रिक्षा स्टँड, शटर, बारवी धरणाचं पाणी अशी. पहिल्या पायरीला पंजा जागचा हलत नाही, पाच बोटांखालचे पाच सूर. दुसऱ्या पायरीला अंगठा बाकीच्या बोटांखालून सरकतो. तिसरीला दोन हात दोन वेगळ्या गोष्टी बोलतात. चौथीला पाय येतो, पेडल. असं चढत जायचं.

एक दिवस मी भाजी फोडणीला टाकली आणि बाहेरून हाक आली.

“नंदा, गॅस बंद कर आणि इकडे ये.”

“भाजी लागेल मॅडम.”

“लागू दे. बस इथे.”

मी पियानोच्या बाकाच्या टोकावर टेकले. मॅडम म्हणाल्या, “अगं पडशील! मागे सरक. पूर्ण बस.”

त्यांची अडचण अशी होती की क्लासला येणारी मुलं हल्ली मोबाईलवर बघून काहीतरी शिकूनच येतात. तुकडा खरंच पहिल्या पायरीचा झालाय का, हे कळायला अजिबात काही न येणारं माणूस हवं. ते घरातच होतं, स्वयंपाकघरात. “तू माझं माप,” त्या म्हणाल्या. “तुला आठवड्यात आलं की पहिली पायरी. नाही आलं की दुसरीत टाकते.”

धागाकटिंग रात्री चालूच होतं, माझ्या बोटांचा निळा रंग कळांवर उतरायचा. मी घाबरून पदराने पुसायला लागले की त्या हात धरायच्या. “पुसशील नंतर. आधी वाजव.”

मला सगळ्यात आधी आला तो भोंगा. फॅक्टरीच्या भोंग्यावर बांधलेला. त्यात शिकणाऱ्याने करायचं एवढंच, की एक सूर दाबायचा आणि धरून ठेवायचा. मग दुसरा. मग परत पहिला. नुसतं ऐकलं तर कोणी दाराची बेल दाबून ठेवल्यासारखं. पण बाकाच्या डाव्या बाजूला मॅडम बसायच्या आणि खालच्या सुरांत त्यांचे दोन्ही हात चालायचे. सायकली यायच्या, गेट उघडायचं, पाळी सुटलेली माणसं बोलत जायची, आणि त्या सगळ्यावर माझा भोंगा. मध्येच त्या दोन शेजारच्या कळा एकदम दाबायच्या, कानाला खुपायचं. मला वाटलं मॅडम चुकल्या. “चुकले नाही गं, आजकालचं संगीत आहे. भोंगा काय गोड असतो?”

मी अडकायचे. पुढचा सूर सापडायचा नाही, बोट हवेत राहायचं. तेव्हा मॅडमच्या सायकली गेटपाशी घुटमळायच्या. तीच दोन-तीन पावलं त्या फिरून फिरून वाजवत राहायच्या, बोलायच्या नाहीत, माझ्याकडे बघायच्याही नाहीत. माझं बोट पडलं की सगळी गर्दी पुढे निघायची. कोणाला वाटलंच नसतं मी अडकले होते म्हणून. आयुष्यात माझ्यासाठी असं कोणी घुटमळलं नव्हतं. हे लिहितानाही मला भीती वाटते, मोठ्या घरच्या गोष्टी बोलतेय म्हणून कोणी हसेल.

हे हसायचेच. शिफ्टवरून आले की, “काय मास्तरीनबाई, झालं का तुहं टिंगटिंग?”

काही वर्षं असंच चाललं, आणि मग मला पहिल्या पायरीचं सगळंच येऊ लागलं. नवा तुकडा दिला की दुसऱ्या दिवशी हातात. मॅडम हसून म्हणाल्या, “तू बिघडलीस गं नंदा. आता माप दुसरं शोधायला लागेल.” पण त्यांनी शोधलं नाही. चहाच्या वेळी हाक यायची आणि आम्ही वाजवायचो, काही न मोजता.

त्या दिवाळीला मी भोंगा मोबाईलमध्ये भरून गावी नेला होता. आईला तेव्हा कमी ऐकू यायचं. तिने फोन कानाला दाबून धरला. “दोघीजनी वाजवता का वो? तुह्यावालं कोनतं?” मी म्हटलं, वरचं. ती परत ऐकत बसली. “बारीक हाय तुह्यावालं. पन आयकू येते.” त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती गेली. घर आता भावाचं आहे. गेले की वहिनी ताट वाढते, चांगलं वाढते, आणि परतीचं तिकीट कधीचं आहे ते विचारते.

मॅडम बाथरूममध्ये पडल्या आणि मुलगा बंगळुरूहून आला. तो वाईट नाही. आईला उचलून दवाखान्यात नेलं, आणि जाताना फ्लॅट विकायचं, आईला बंगळुरूला न्यायचं ठरवूनच गेला. पियानो बघायला उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधला दुकानदार आला. त्याने झाकणावर बोटाने टकटक केलं.

“मॅडम, पुराना माल है. आजकल कौन लेता है?”

“अहो, वाजवून तर बघा.”

“मेरे को बजाना आता तो दुकान पे बैठता क्या?”

मॅडमना हसू आलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

मॅडमच्या डोक्यात मात्र एक विचार होता. “पहिली पायरी तू घे,” त्या म्हणाल्या. “माझ्यापेक्षा तुला जास्त कळते. कुठे अडतं ते तुझ्या बोटांना माहीत आहे.” सगळ्यात लहान विद्यार्थिनी ईरा, बदलापूरला नव्या टॉवरमध्ये राहणारी. तिच्या घरी डिजिटल पियानो होता आणि मॅडमच्या शब्दाखातर तिची आई तयार झाली. तिथे जमलं तर आणखी मुलं मिळतील. मला रात्रंदिवस तेच. जमलं तर बाकावरची जागा राहील. नाही जमलं तर ती मॅडमबरोबर जाईल, आणि मी परत नुसती पोळ्या करणारी.

अडचण मला ठाऊक होती, मॅडमनाही होती. पहिल्या पायरीच्या मुलाबरोबर बसायला चौथ्या पायरीची बाई लागते. उजव्या बाजूचं मला पाठ होतं, डाव्या बाजूचं येत नव्हतं. जायच्या आधी मॅडमनी रोज बसवून घेतलं. माझा उजवा हात जायचा, डावा मागे राहायचा. डाव्याकडे लक्ष दिलं की उजवा थांबायचा, आणि पेडल तर मी शिलाई मशीनसारखं मारायचे. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी त्यांनी आपली बाजू माझ्या मोबाईलवर भरून दिली. “ही लाव आणि मुलीला वरून वाजवू दे. होईल.”

बदलापूरला पहिल्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसून गेले. ईरा बाकावर चढून बसली, पाय खाली टेकत नव्हते. मी डाव्या बाजूला बसले आणि मोबाईल लावला. सायकली आल्या. ईराने पहिला सूर धरला, छान धरला. दुसऱ्याला तिचं बोट हवेत राहिलं.

सायकली गेल्या. गेट उघडलं, माणसं सुटली, सगळं निघून गेलं.

“ताई, तो पुढे गेला.”

“परत लावू हं.”

परत लावलं. परत तिचं बोट तिथेच राहिलं आणि मोबाईल आपला चालत गेला.

“ताई, त्याला सांगा ना थांबायला.”

मी मोबाईल बंद केला आणि डाव्या हाताने, मला जमेल तेवढं, एक खालचा सूर तिच्यासाठी वाजवत राहिले. एकच, धप्प धप्प. ईराने मान वर केली. मुलांना खोटं बोलता येत नाही. “मॅडमचं असं नव्हतं,” ती म्हणाली.

मी जात राहिले. पोरगी कंटाळत गेली. एक दिवस तिच्या मम्मीने मला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं. “नंदाताई, वाईट वाटून घेऊ नका हं. ईराला आता ऑनलाइन क्लास लावतोय. त्यात ग्रेडच्या परीक्षा पण असतात. तुम्ही मात्र खूप मायेने करता सगळं. मी काय म्हणत होते, आमच्याकडे पोळ्यांना याल का? आमची बाई सोडून गेलीय.”

मी हो म्हटलं. थँक्यूसुद्धा म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं, कारण काम हवंच होतं. आता मी तिथे पोळ्या लाटते आणि हॉलमध्ये स्क्रीनमधला सर इंग्रजीत आकडे मोजतो. ईरा चांगली वाजवते. दुसऱ्या पायरीवर गेली, अंगठा सरकवायला लागली. भोंगा तिने परत कधी वाजवला नाही.

हे आता टिंगटिंग म्हणून चिडवत नाहीत. एकदा म्हणाले, “जाऊ दे वो, आपल्याले कायले पायजे होतं थे.” माझ्या भल्यासाठीच म्हणाले.

आमच्या खोलीत मॅडमनी दिलेला जुना छोटा कीबोर्ड आहे. रविवारी दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. त्या आता मुलाकडे चौदाव्या मजल्यावर असतात. तिथे पियानो नाही, सोसायटीत आवाज चालत नाही, आणि सून नोकरीवरून दमून येते म्हणून त्या हळू बोलतात. पहिला प्रश्न नेहमी तोच, “तीनचा भोंगा झाला का गं?” एकदा मी फोन खिडकीबाहेर धरून त्यांना ऐकवला. नंतर बराच वेळ स्क्रीनवर नुसतं छत दिसत होतं. अंबरनाथ हे त्यांचं घर. त्या इथे नाहीत आणि मी आहे, मला ह्याची लाजच वाटते. मला कोणी घर विचारलं तर मी गावाचं नाव सांगते, पण तिथे मी पाहुणी असते. खोलीचं भाडं आम्ही भरतो, तरी तिला मी खोलीच म्हणते. घर म्हणावं अशी जागा एकच होती, मॅडमच्या उजव्या हाताशी, एका माणसापुरती. तो बाक पियानोबरोबरच टेम्पोत चढला.

मागच्या रविवारी मॅडम म्हणाल्या, “चल, भोंगा घेऊ. मी इथे टेबलावर वाजवते, मला सगळं ऐकू येतं तसं.”

मी फोन डब्याला टेकवून उभा केला आणि पहिला सूर धरला. तिकडे त्यांची बोटं जेवणाच्या टेबलावर चालू लागली. ते ठोके फोनमधून उशिराने माझ्याकडे पोचेपर्यंत माझा सूर विरून गेला होता. मी अडले असं त्यांना वाटलं असणार, कारण त्यांनी तीच पावलं परत फिरवली, परत फिरवली. मी ठोके जुळायची वाट बघत होते. त्या माझ्या बोटाची.

असे आम्ही किती वेळ बसलो होतो कोण जाणे. दुसरा सूर कोणीच वाजवला नाही.