स्टीलच्या डबीतले सेल

“आमच्या हिला सरकारनं भ्यायचा पगार दिला,” बापूराव आल्यागेल्याला सांगत. “आता पेन्शन येते, तीही भ्यायचीच.”

प्रेमला यावर हसत नसे आणि रागावतही नसे. बोलणं खोटं नव्हतं. खडकीला दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तिची सगळी नोकरी भरणीच्या शेडमध्ये गेली होती. काडेपेटी, घड्याळ, मोबाईल गेटवर जमा. बांगड्या, जोडवी घरी. बिनखिळ्यांचे बूट. शेडमध्ये कुणी पळायचं नाही, कुणी मोठ्यानं हाक मारायची नाही. एकटीनं काम करायचं नाही; एकीचे हात चालत, दुसरी शेजारी नुसती उभी राही. त्या उभं राहण्याचाही पगार असे. आणि पाळी सुटताना मागे जिवंत काही ठेवायचं नाही, अगदी टॉर्चमधले सेलसुद्धा. तिच्या शेडमध्ये कधी काही झालं नाही. लोक म्हणत, नशीब चांगलं. ती म्हणे, “नशीब कसलं, आम्ही भीत होतो.”

ही भीती तिने विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्येही आणली होती. संध्याकाळी टीव्हीच्या रिमोटचे सेल काढले जात. सिलिंडर बंद झाल्याची खात्री दोनदा होई. बापूराव म्हणत, “भिंतीवरचं घड्याळ तेवढं सोडलंय हिनं. उपकारच.”

बापूराव मार्केट यार्डात एका भुसाराच्या आडत्याकडे दिवाणजी होते. विश्रांतवाडी ते गुलटेकडी हे अंतर त्यांनी जन्मभर सायकलवर कापलं, आणि निवृत्तीनंतर मुलीने गिअरची सायकल घेऊन दिल्यावर रोज सकाळी मित्रांबरोबर आळंदीच्या रस्त्याला जाऊ लागले. उन्हाळ्याच्या तोंडाशी एके सकाळी तिथेच, चहाच्या टपरीशी, सायकलवरून उतरता उतरता ते खाली बसले. “काही नाही रे, पित्त झालंय,” असं मित्रांना सांगत राहिले. मित्र शहाणे होते, त्यांनी रिक्षात घातलं. मग एकाने प्रेमलाला फोन केला, “वहिनी, घाबरू नका.” बाकी काही ऐकायची तिला गरजच पडली नाही.

अँजिओप्लास्टी झाली. बापूराव घरी आले. तेव्हापासून दुपारी ते झोपले की ती दारात उभी राहून त्यांच्या पोटावरची चादर वरखाली होते का ते बघत असे. होई. तरी ती पुढच्या श्वासाची वाट बघे.

डॉक्टरांनी रस्त्यावरची सायकल बंद केली, पण सायकल बंद केली नाही. घरातच चालवा म्हणाले. पायडलचे फेरे मिनिटाला पन्नास-पंचावन्न, साठ ओलांडायचे नाहीत, छातीत जड वाटलं की थांबायचं.

“त्यांना जड वाटतंय हे मला कसं कळणार?” प्रेमलाने विचारलं.

“ते सांगतील ना तुम्हाला.”

ज्या माणसाने टपरीशी जमिनीवर बसून पित्त म्हटलं होतं, तो काय सांगणार होता!

उपाय बंगळुरूहून आला. ऋतुजाने, त्यांच्या मुलीने, एक लोखंडी स्टँड धाडला. सायकलचं मागचं चाक तो जमिनीपासून उचलून धरी आणि चाकाला खालून रोलर टेके. सोबत बत्ताशाएवढे दोन काळे गोळे होते. तिने त्यांना सेन्सर म्हटलं. मग व्हिडिओ कॉल लावून आईला बाल्कनीत उभं केलं.

“आई, एक सेन्सर पायडलच्या दांड्याला, आतल्या बाजूनं. रबर घट्ट ओढ. दुसरा चाकाच्या मधोमध, हबवर. मागच्या चाकाच्या हां. पुढचं फिरतंय कुठे!”

“मागचं तरी कुठे जातंय?” बापूराव खुर्चीतून म्हणाले. “सगळा प्रवास वॉशिंग मशीनपर्यंत.”

“बाबा, प्लीज. आई, सेल घाल. लाइट आला?”

“आला. पायडलचा निळा, चाकाचा लाल.”

“परफेक्ट. लाइट आला की झालं, सेन्सर जिवंत आहे.”

जिवंत म्हटल्यावर प्रेमलाचा हात आपोआप मागे आला.

ॲप तिच्याच मोबाईलवर बसवलं होतं. बापूरावांनी आपला फोन द्यायला नकार दिला होता. “माझे पाय फिरतायत की नाही हे मला मोबाईलनं सांगायला नको,” ते म्हणाले, आणि कुणी समोर उभं राहिलेलंही नको, असं सांगून त्यांनी बाल्कनीचं दार आतून ओढून घेतलं. म्हणजे ती स्वयंपाकघरात आणि ते दाराआड. मधे एक मोबाईल, ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. त्यावर पायांचे फेरे मोठ्या आकड्यात, खाली बारीक अक्षरात वेग.

पहिल्या दिवशी आकडा एक्कावन्न, त्रेपन्न, बावन्न असा हलत राहिला. प्रेमला पोळ्या लाटत त्याच्याकडे बघत होती. चादर वरखाली होताना बघावी, तसं. कित्येक दिवसांनी तिने एक पोळी जरा निवांत भाजली.

संध्याकाळी सायकल पुसता पुसता तिने दोन्ही सेल काढले आणि वेलदोड्याच्या रिकाम्या स्टीलच्या डबीत ठेवले. यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. ते हातांनीच केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सेल परत घातले. आज पायडलचा दिवा लाल लागला. ती क्षणभर थबकली. शेडमध्ये लाल म्हणजे हात उचल. पण ऋतुजा म्हणाली होती, लाइट आला की झालं. बापूराव आत गेले, दार ओढलं, रेडिओ लागला.

तिने पहिली पोळी तव्यावर टाकली आणि मोबाईलकडे पाहिलं. शहाण्णव. मग एकशे तीस. एकशे अठ्ठावन्न.

पोळी तव्यावरच राहिली. ती पळत सुटली. शेडमध्ये जे कधी केलं नाही ते सगळं तिने एका दमात केलं. पळाली, ओरडली, दार धाडकन सरकवलं. “अहो थांबा! थांबा म्हणते ना!”

बापूराव दचकले. पाय पायडलवरून निसटला, कोपर वॉशिंग मशीनवर आदळलं आणि ते हँडल धरून जेमतेम सावरले. चेहरा पांढरा पडला होता.

“काय झालं? कोण गेलं?”

“किती जोरात! दीडशेच्या वर गेले होते फेरे!”

“दीडशे? अगं, मी माणूस आहे की पिठाची गिरणी?”

बोलणं नेहमीचंच होतं, पण ओठ थरथरत होता. कपाळावर घाम आला होता. टॉवेल उचलताना तो त्यांच्या हातून दोनदा पडला. ती थरथर सायकलमुळे आली नव्हती. आपल्या हाकेमुळे आली होती, हे प्रेमलाला स्वच्छ दिसलं.

रक्तदाब मोजला, तो वर गेलेला होता. बापूराव म्हणाले, “आजारातून वाचलो, पण तुझ्या हाकेतून वाचेन असं वाटत नाही. पुन्हा ओरडलीस तर मी या सायकलवर बसायचा नाही. कॉटवर पडून राहीन. बसू दे डॉक्टरला बोंबलत.”

कॉटवर पडून राहणं म्हणजे काय, हे डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. हृदय आधीच दमलेलं. त्याला चालतं ठेवलं नाही तर ते आणखी बसत जाईल.

“नाही ओरडणार,” ती म्हणाली.

“शब्द?”

“शब्द.”

तिसऱ्या दिवशी आकडा शहाण्यासारखा बावन्नवर राहिला. चौथ्या दिवशी पुन्हा एकशे साठ. प्रेमलाने पदराचा बोळा तोंडात धरला. दाराशी जाऊन कान लावला. आतून साखळीचा आवाज येत होता, संथ आणि सारखा, म्हातारा माणूस सुपारी कातरतो तसा. कान म्हणत होते सावकाश, डोळे म्हणत होते दीडशे. दोन्हींतलं एक खोटं होतं. आणि कानांवर विश्वास ठेवला आणि तो चुकला, तर नवरा हातचा जाणार होता. दाराच्या कडीवर हात ठेवून ती आतला आवाज थांबेपर्यंत उभी राहिली. बापूराव टॉवेलने मान पुसत बाहेर आले, तिला तिथे पाहून म्हणाले, “काय, तिकीट चेकर?”

दुपारी तिने ऋतुजाला फोन लावला.

“वन मिनिट. एक दिवसाआड होतंय? आई, तू सेल काढतेस का?”

“संध्याकाळी. डबीत ठेवते.”

पलीकडून ऋतुजाचं हसू. “अगं आई! सेल काढून परत घातला की तो सेन्सर आपलं काम बदलतो. पायाचा चाकाचा होतो आणि चाकाचा पायाचा. बाबांच्या एका फेऱ्यात चाक तीनदा फिरतं. तू चाकाचे फेरे बघत होतीस! लाइटचा रंग नाही का बघितला?”

“बघितला.”

“मग?”

“लाइट आला की झालं, असं तूच म्हणालीस.”

“ओके, माझी चूक. आता पायडलचा निळा येईल असं कर, आणि सेल आतच राहू दे. काही होत नाही.”

बापूरावांना कळलं तेव्हा ते खोकला येईपर्यंत हसले. “फॅक्टरीनं हिला सोडलं, हिनं काही फॅक्टरी सोडली नाही!”

त्या संध्याकाळी प्रेमलाने सेल एकदाच काढून लगेच परत घातले. निळा पायडलला, लाल चाकाला. सायकल पुसली. डबी रिकामीच फडताळात ठेवली. जेवताना तिचं लक्ष सारखं बाल्कनीच्या दाराकडे जात होतं, तिथे गॅस चालू राहिल्यासारखं.

सकाळी आकडा बावन्न. निवांत वाटायला हवं होतं. पण पिठाला हात लावताना तिच्या मनात आलं, आजपासून हा आकडा खरा आहे. कालपर्यंत वाईट काही दिसलं तर खोटं म्हणायची सोय होती. ती सोय आपण आपल्या हातांनीच काढून टाकली.

त्रेपन्न. पन्नास. सत्तेचाळीस.

ती लाटायची थांबली.

अडतीस. मग काहीच नाही, नुसतं शून्य.

आत्ता तर कुठे सुरुवात झाली होती. कणकेचा गोळा अजून तसाच होता. आत रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं आणि साखळीचा आवाज नव्हता. हाक घशापर्यंत आली. तिने शब्द दिला होता. तिने गॅस बंद केला. या वेळी ती पळाली नाही. शेडमध्ये चालत असे तशी, पावलं सपाट टेकत, हात अंगाशी धरून ती बाल्कनीपर्यंत गेली. खोली केवढीशी, पण दार येईचना. तिने ते अगदी हळू सरकवलं.

बापूराव सीटवरच होते. दोन्ही हात हँडलवर, मान खाली. मानेवर घाम. वळून बघितलं नाही.

“अहो.”

“हं.”

“दुखतंय?”

बापूरावांनी एक हात हँडलवरून काढून छातीवर ठेवला. “माहीत नाही,” ते म्हणाले. “इथे काहीतरी हललं. आता नाहीये. म्हणून थांबलो, तर आता पाय फिरवायचं धाडस होईना. टपरीपाशीही आधी असंच हललं होतं.”

“तेव्हा पित्त म्हणालात.”

“चारचौघांत काय म्हणणार?” मग, तोंड न वळवता, “मला भीती वाटते गं. रोज वाटते. दार उगाच लावून घेत नाही मी.”

तिने त्यांना धरून उतरवलं. रिक्षा बोलावली. दवाखान्यापर्यंत बापूरावांनी तिचं मनगट सोडलं नाही, आणि रिक्षावाल्याने खड्डा चुकवला नाही तरी त्याला एक शब्द बोलले नाहीत. प्रेमलाला याचीच जास्त भीती वाटली. कार्डिओग्राम मागच्यासारखाच निघाला. स्नायू आखडला असेल, थांबलात ते उत्तम केलंत, उद्यापासून पुन्हा सुरू करा, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूराव सायकलशेजारी उभे होते. हात सीटवर, पाय जमिनीवर. रेडिओ लावला नव्हता. दार उघडंच होतं.

“तुमच्या शेडमधली ती दुसरी बाई,” त्यांनी विचारलं, “ती काय करायची?”

“उभी राहायची.”

“बोलायची नाही?”

“नाही.”

“मग तुला कसं जमायचं!”

प्रेमला आत गेली आणि पोळपाट, लाटणं, कणकेचं ताट घेऊन आली. वॉशिंग मशीनच्या झाकणावर फडकं पसरलं आणि पोळपाट मांडला. मोबाईल ओट्यावरच राहिला. बापूराव सीटवर चढले. पाय पायडलवर ठेवून थोडा वेळ तसेच बसले. मग पाय हलला. चाक हललं. साखळीचा आवाज सुरू झाला, अडखळत, मग जरा सारखा.

ती त्यांच्याकडे बघत नव्हती. त्यांच्या पायांकडे बघत होती, आणि लाटणं एकाच बाजूला फिरत होतं.

“पोळी वाकडी होतेय,” बापूराव म्हणाले.

“पुढे बघून चालवा,” ती म्हणाली.