कापलेली तीन मिनिटं

सिनेमावाले मुंबईत राहतात, अशी आमच्या पेणमध्ये सगळ्यांची समजूत. माझीही होती. मी लग्नांचं शूटिंग करणारा माणूस. त्यामुळे पोलीस ठाण्यात फौजदार पहिल्यांदा "तुझा सिनेमा" म्हणाला, तेव्हा मी मागे वळून बघितलं, दुसरं कोणी उभं आहे का म्हणून.

कॅमेरा माझ्या दोस्ताने आखातातून आणलेला. धरमतरच्या खाडीकाठी आमचं गाव एक आणि शेतंही एकमेकांना लागून. तो तिकडे गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करायचा, दोन वर्षांनी सुट्टीवर यायचा. एका खेपेला त्याने तो कॅमेरा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "घे, कायतरी कर आता. नुसता टपरीवर उभा ऱ्हातोस."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका श्रावणात, तो सुट्टीवर असतानाच, मोठ्या उधाणाला बांध फुटला आणि खारं पाणी भातात शिरलं. एकदा खार बसला की पुढची दोन-तीन वर्षं ते शेत गेलंच म्हणायचं. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक, आणि बांध ज्या खात्याच्या ताब्यात त्यालाही ठाऊक. तरी खात्याचा साहेब उगवला आठव्या दिवशी. तोही डांबरी रस्त्यावरून खाली उतरला नाही. माझा कॅमेरा बघून त्याला वाटलं, सत्काराचं शूटिंग असावं. त्याने कॉलर नीट केली आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलला, "खात्याकडे सध्या तरतूद नाही. तुमच्या पद्धतीने बांधून घ्या. माती त्या पलीकडच्या सरकारी जागेतून उचला, माझी हरकत नाही." ती जागा कुठल्याशा प्रकल्पासाठी आमच्याच लोकांकडून घेतलेली. प्रकल्प आला नव्हता, नुसतं गवत माजलं होतं.

बांध फुटला की घरटी एक माणूस उतरतो. त्यासाठी दवंडी लागत नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली आणि लोक चिखलात उतरले. दोस्तही उतरला. गणपतीनंतर त्याचं विमान होतं, घरात बसून राहिला असता तरी त्याला कोणी नावं ठेवली नसती. मी शूटिंग केलं ते मला येत होतं तसं. लग्नात प्रत्येक पाहुण्याचा चेहरा यावा लागतो, नाहीतर माणसं पुढच्या लग्नापर्यंत रुसतात. म्हणून मी एकेकाला समोरून, सावकाश घेतलं. डोक्यावर मातीची पाटी असताना बाया पदर सारखा करून कॅमेऱ्यात बघत होत्या. एक म्हातारी ओरडली, "माझा घेतलास का रं?" तिचा पुन्हा घेतला. चार दिवसांत बांध उभा राहिला. मग साहेब परत आला, आमच्याकडचं शहाळं प्यायला आणि "छान" म्हणून गेला. तेही मी घेतलं.

रोह्याला एका स्टुडिओत दोन व्हीसीआर होते. तिथे जोडणी केली आणि गणपतीत पेणच्या एका मंडळात ती कॅसेट दाखवायचं ठरलं. तर आदल्या दिवशी मला पोलीस ठाण्यात बोलावणं.

"सेन्सॉरचा दाखला आहे?" फौजदाराने विचारलं.

"साहेब, लग्नाच्या कॅसेटला कुठे लागतो?"

"लग्नात सरकारची बदनामी होत नसते."

सकाळपासून संध्याकाळपर्यंत मला बाकावर बसवलं. कॅमेरा त्याच्या टेबलावर, त्यावर चहाची बशी. शेवटी त्याने सौदा सांगितला. साहेब रस्त्यावर बोलतो ती तीन मिनिटं काढायची, बाकी खुशाल दाखवायचं. कापलेल्या कॅसेटची एक प्रत ठाण्यात जमा करायची. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो अगदी मायेने म्हणाला, "तुझा तो आखातवाला मित्र दिसतो ना त्यात? त्याचा पासपोर्ट, त्याचं विमान... नसती भानगड कशाला?"

मी घाबरलो. स्वतःसाठी कमी, त्याच्यासाठी जास्त, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. पॅसेंजरने रोह्याला गेलो आणि साहेबाला कापला. अर्ध्या तासाचं काम, नवी जोडणी जुनीवरच भरली. मंडळात लोकांनी आपापले चेहरे बघून टाळ्या वाजवल्या. ठाण्यातही एक प्रत दिली. आणि मग आम्ही शूटिंगवाले नेहमी करतो तेच मीही केलं. जोडणी झाली की मूळ कॅसेट मोकळी समजायची. त्याच कॅसेटवर मी विसर्जनाची मिरवणूक भरली.

पुढच्याच आठवड्यात नोटिसा आल्या. सरकारी जागेतली माती चोरली. पुरावा माझी कॅसेट. एक चेहरा चुकला नव्हता. पुन्हा घे म्हणणारी म्हातारीसुद्धा नावानिशी. आणि साहेबाचा जबाब काय, तर "मी बांध झाल्यानंतर पाहणीस गेलो असता माती उचललेली आढळली." परवानगी ह्यांनीच द्यायची, ह्यांनीच ती माझ्या हातून कापून घ्यायची, आणि उरेल तिला चोरी म्हणायचं! आज लिहिताना माझं डोकं फिरतं. मी घरी धावलो, मूळ कॅसेट लावली. ढोल, गुलाल, ढोल. मिरवणूक संपली, पडद्यावर दोन रेघा सरकल्या आणि खालून जुनं शूटिंग निघालं. साहेब शहाळं पीत होता. बांध झाल्यानंतर, अगदी जबाबात म्हटल्याप्रमाणे.

दोस्ताचं विमान त्याच्याविना गेलं. गुन्हा डोक्यावर असताना त्याला कोण जाऊ देणार? तिकडे त्याच्या जागी दुसरा लागला. खटला काही वर्षं तारखांवर लोळला आणि एक दिवस कोर्टाने सगळ्यांना सोडून दिलं. साहेबाला तोवर बढती मिळाली होती.

दोस्ताने रोह्यात गॅरेज टाकलं. मी जायचो, तो चहा मागवायचा. त्या कॅसेटचा विषय त्याने कधी काढला नाही, आणि मी मनात म्हणायचो, ज्याच्यासाठी केलं त्याला ते कळलंय. सुटल्याच्या दिवशीही तिथेच बसलो होतो. मी साहेबाला, फौजदाराला शिव्या घालत होतो. तो चिंधीने हात पुसत ऐकत होता. मग म्हणाला, "त्यांचा जाऊ दे. तू साहेबाला कापलास तवा मना इचारलास का?"

"तुझ्यासाठीच कापला."

"व्हय. पन इचारलास का? मी नको बोललो असतो."

त्याचं घर स्टेशनच्या वाटेवरच होतं. साहेबाला कापायला निघालो त्या दिवशी पॅसेंजर पकडायच्या आधी मी त्याच्या दारावरून गेलो होतो. तो ओट्यावर बसून बॅगेला दोरी बांधत होता. मी हात केला आणि पुढे गेलो.