गाडलेल्या तळ्याचा वायू

चैत्र, सन १९४१: सरकारी विहिरीच्या खोदकामाबाबत इशारा मिळाला, त्याकडे दुर्लक्ष करणारे तहसीलदार. वैशाख: दोन मजूर तिच्यात मेले, पहिल्याला उतरवणारा, कामाचा ठेका घेतलेला गुत्तेदार.

इशारा देणाऱ्या भूगर्भ-तपासनिसाचे नाव मी, या गावचा एक रहिवासी, विचारले नाही. जवळा बाजारच्या त्या विहिरीतून निघालेला काळा चिखल तो तळहातावर चोळी, डोळे मिटून हुंगी, मग डब्यात भरून मेणाने बंद करी.

“साहेब, कालवण करून राहिले का?” एका मजुराने टोमणा मारला.

तो हसला नाही. “दादा, दगडाखाली जुनं तळं गाडलं हाय. त्यातला पाला अजून कुजून राहिला, त्याचा वायू साचतो. आधी कंदील सोडा. विझला तर उतरू नका.”

“तेल तुमी देता का?” गुत्तेदार म्हणाला.

तपासनिसाने हाच इशारा माझ्यादेखत तहसीलदारांना दिला. तरी वैशाखात तो थट्टेखोर मजूर कंदिलाविना उतरला. त्याला काढायला गेलेला त्याचा भाऊही वर आला नाही. तपासनीस परत आला, तेव्हा त्याने चिखलाला हात लावला नाही.

पंचनाम्यात ‘पाय घसरून मृत्यू’ असे आहे. प्रेतांवर मी ओरखडाही पाहिला नाही.

तहसीलदारसाहेब, काम का थांबवले नाही, याचे उत्तर चावडीवर, त्या भावांच्या आईसमोर द्या.