मी उडी मारली नाही

सरांनी कांद्याची रिकामी गोणी माझ्या अंगावर फेकली. ती तोंडावरच आली. माती आणि सालं दाढीत अडकली. तुर्भ्याच्या त्या शेडमध्ये पंधरा-वीस पैलवान सरावाला उभे होते, सगळे हसले.

"हे तुझं कॅरेक्टर. हमाल," सर म्हणाले. "बाप हमालच आहे ना तुझा? मग ॲक्टिंगचं पण टेन्शन नाही."

मी पण हसलो. हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्याबरोबर मी पण हसलो.

आबा, म्हणजे माझे वडील, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. साताऱ्याकडचं गाव सोडलं तेव्हापासून त्यांच्या पाठीवर गोणी आहे. मला मात्र त्यांनी गावीच चुलत्यांकडे ठेवलं आणि तालमीत घातलं. आठ वर्षं लाल मातीत अंग घासलं मी. पट काढण्यात, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला खाली घेण्यात, माझा हात कुणी धरू शकत नव्हतं, हे मी नाही, कुस्तीच्या फडावरचे लोक म्हणायचे. पुढं खुराक परवडेना. मग घणसोली गावात आबांच्या भाड्याच्या खोलीत येऊन राहिलो. तिथं कळलं की तुर्भ्यात शोची कुस्ती शिकवतात. रिंग, लाईट, म्युझिक, कॅमेरा. गेलो.

शोच्या कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो. कोण जिंकणार, कितव्या मिनिटाला, कुठल्या डावावर, हे ठरवणाऱ्याला बुकर म्हणतात. आमचे बुकर म्हणजे हे सर. तालमीत अशा ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात, आणि नुरा खेळणाऱ्याला वस्ताद परत दारात उभं करत नाही. पण मी मनाला समजावलं. नाटकातला नट रोज स्टेजवर मरतो, त्याची कोण लाज काढतं? तसं हे. हरण्याचं मला काही वाटलं नसतं. मला डाचलं ते वाटप. कुणाच्या ताटात काय वाढलं, ते.

रोहनच्या ताटात सगळं वाढलं होतं.

तो माझ्याबरोबर एकाच आठवड्यात आलेला. बाप बिल्डर, शोला पैसा त्याचाच. रोहनला नाव मिळालं 'सम्राट'. सोनेरी काठाचा झगा मिळाला. एन्ट्रीला स्वतःचं म्युझिक मिळालं, नगाऱ्यासकट. आणि मॅनेजर मिळाला. मॅनेजर म्हणजे पैलवानाच्या शेजारी कोट घालून उभा राहणारा माणूस. माईक त्याच्या हातात. हा कोण आहे, ह्याला का घाबरायचं, हे पब्लिकला तो सांगणार. रोहनला चार माणसांत बोलता यायचं नाही, अडखळायचा. तर मॅनेजरनं त्याचंच कॅरेक्टर करून टाकलं. "सम्राट बोलत नाही. सम्राट मारतो!" झालं. पब्लिक वेडं. मला बोलता येत होतं, पण मला कुणी माईक दिलाच नाही.

जळायचो मी. अक्षरशः जळायचो. तुर्भे नाक्यावर त्याचं पोस्टर होतं, छाती फुगवलेलं. मी रस्ता ओलांडून पलीकडनं जायचो आणि पलीकडनंही बघायचोच. त्याचे व्हिडिओ पाहायचो, खालच्या कमेंट वाचायचो. 'काय ताकद आहे भावाची!' अरे कसली ताकद? ती ताकद माझी होती!

ही आमच्या धंद्यातली आतली गोष्ट आहे. समोरचा जेव्हा तुम्हाला खांद्यावर उचलतो तेव्हा तो उचलत नसतो. तुम्ही उडी मारता. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात टेकता, वजन स्वतः सांभाळता, हवेत अंग ताठ धरता. तो फक्त खाली उभा राहतो. रोहननं मला सहा शोमध्ये सहा वेळा उचललं असं लोकांना वाटतं. सहाही वेळा मी उडालो होतो. त्याचं नाव माझ्या मांड्यांवर उभं होतं. आणि तो पोरगा वाईटही नव्हता हो, हेच तर जास्त लागायचं. मॅचनंतर पाण्याची बाटली आणून द्यायचा. "लागलं नाही ना भाई?" मला त्याचा राग धड करताही यायचा नाही, नुसता हेवा वाटायचा.

आणि मॅचचा शेवट ठरलेला. माझी पाठ लागली की तीनपर्यंत मोजायचे. मग मी चार पायांवर व्हायचं, गोणी पाठीवर टाकायची, तिच्यावर सम्राट बसणार. मॅनेजर माईकवर ओरडणार, "ए हमाल! साहेबांना गाडीपर्यंत सोड!" आणि मी तसाच रांगत पडद्यामागं जाणार. पब्लिक पोट धरून हसायचं. कमरेला हूक लावलेला असायचा, गोण्या ओढायचा. सरांना खराखुरा पाहिजे होता. मीच आबांकडनं मागून आणला. काय सांगून आणला? "शोमध्ये माथाडीचं काम आहे, आबा." त्यांनी आदल्या दिवशी तो घासून, तेल लावून दिला. लाज वाटते आता लिहिताना.

हे का केलं? कारण सरांनी शब्द दिला होता. "सहा शो पड. सातव्याला तुला पुश देतो. सम्राटला तू पाडणार. मग तुला पण मॅनेजर, तुझं पण म्युझिक." मी त्या शब्दावर सहा वेळा रांगलो. मला न्याय बिय काही नको होता. मला रोहनच्या जागी बसायचं होतं, एवढंच.

सातवा शो कामोठ्याच्या मैदानावर, रविवारी दुपारी चारला. मी आबांना सांगितलं, या. या वेळी मी जिंकणार आहे.

आबा भाकरी मोडता मोडता थांबले. "आदीच कसं ठावं?"

मी ताटातला कांदा फोडत बसलो.

"नुरा हाय का रं?"

"न्हाई आबा. जोर हाय म्हणून सांगतोय."

ही माझी चूक. बापाशी खोटं बोललो ते बोललोच, पण गावच्या फडावर वाढलेल्या माणसाला कुस्ती जिंकणार म्हणून सांगितलं. तो काय नुसता येईल? आबा त्यांच्या माथाडी टोळीतली चार माणसं घेऊन आले. एकाच्या गळ्यात हलगी. आबांच्या पिशवीत नवा फेटा, जिंकलेल्या पैलवानाला बांधायचा. पहिल्या रांगेत बसले, टोप्या नीट करून.

मॅचच्या तासभर आधी सर आले. मोबाईलमधनं मान वर न काढता म्हणाले, "आज पण रोहनच. त्याच्या पप्पांचे गेस्ट आलेत. नेहमीचंच कर, रांगायचं वगैरे."

"सर, तुम्ही शब्द दिला होता. माझे वडील आलेत."

"मग चांगलंय ना. त्यांना पण त्यांचं कॅरेक्टर बघायला मिळेल." मॅनेजर शेजारी टाय बांधत होता, तो फिसकन हसला.

या वेळी मी हसलो नाही.

माझ्या एन्ट्रीला म्युझिक नसतंच. त्या दिवशी हलगी वाजली. टोळीवाल्यांनी अशी कडाडून वाजवली की सगळं मैदान वळून बघायला लागलं. पाठीवर गोणी, कमरेला हूक. तो हूक बघून आबांनी शेजारच्याला कोपरानं ढोसलं आणि माझ्याकडं बोट केलं. किती खूश होते ते. मला रिंगमध्ये उभं राहवेना.

नगारे वाजले. सम्राट आला. मॅनेजर सुरू झाला, "बघा हो बघा, ह्याच्या अंगाला कांद्याचा वास येतोय! हमालाची जात ओझ्याखालीच शोभते! सहा वेळा गोणी घालून रांगलाय, आज सातव्यांदा!" लोक हसले. पहिल्या रांगेतली हलगी बंद पडली. मी तिकडं बघितलं नाही, पण पाच माणसं हसत नाहीयेत हे मला पाठीला कळत होतं.

चौथ्या मिनिटाला उचलायचं ठरलं होतं. रोहन आला, खाली वाकला, माझ्या मांडीत हात घातला. माझ्या उडीची वाट बघत राहिला.

मी उडी मारली नाही.

तालमीत पहिलं वर्षभर आम्हाला तेवढंच शिकवलेलं. पाय रोवायचे, कंबर खाली सोडायची, जड व्हायचं. रोहननं जोर लावला. मी हललो नाही. परत लावला. मानेच्या शिरा फुगल्या त्याच्या.

"जंप कर ना भाई," तो कानात म्हणाला. रडवेला झाला होता.

"तू उचल," मी म्हणालो. "सम्राट आहेस ना? उचल."

तिसऱ्यांदा त्याचा पाय सरकला आणि तोच गुडघ्यावर आला. मॅनेजरनं माईक खाली घेतला आणि सरांकडं बघितलं. सर रिंगच्या कडेनं ओरडले, "पड साल्या! पड!" लोकांनी ते ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं.

मी रोहनला हात लावला नाही. पट काढून एका श्वासात आस्मान दाखवलं असतं. पण मग त्याच्या जागी मी, आणि खाली दुसरा कुणी बापाचा हूक लावून रांगणारा. मॅनेजरच्या हातातला माईक घेतला. "ह्यानं मला कधीच उचललं नाही. मी उडत होतो," एवढंच बोललो. गोणी उचलली, आबा घालतात तशी चौघडी घातली आणि खाली उतरलो.

आबा उभे होते. फेटा हातातच होता.

"आदीच्या सा कुस्त्या नुरा हुत्या?"

"हो."

"गोणी घालून रांगलास?"

"हो, आबा."

त्यांनी फेट्याची घडी पिशवीत ठेवली. मग माझ्या कमरेचा हूक स्वतःच्या हातानं काढून घेतला. "ह्यो माझा हाय," म्हणाले आणि टोळीबरोबर निघून गेले. मी एकटाच मैदानात राहिलो. ते बरोबरच वागले.

त्या शेडमध्ये मी परत गेलो नाही. रोहनला आता दुसरा हमाल मिळालाय, तो छान उडतो म्हणे. पोस्टर नाक्यावर आहे अजून. आजही बघितलं की जळतो मी, कशाला खोटं बोलू? तो झगा, ते नगारे, ती पब्लिकची शिट्टी मला हवीच होती आणि अजून हवी आहे. पण रोज पहाटे जोर-बैठका मारतोय, आणि गावच्या फडावर नाव दिलंय. तिथं मला कुणीही पाडू शकतो. माझ्याहून भारी असेल त्यानं पाडावं, छातीवर बसावं. पण कुणी सांगितलं म्हणून आता माझी पाठ लागणार नाही. ज्याला मला उचलायचंय, त्यानं माझं वजन उचलावं.