जहाजावर दोनदा

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही, आईला नाही, पाठच्या बहिणीलाही नाही. एकीला माहीत आहे, पण तेही मी सांगितलं म्हणून नव्हे — तिच्यावर बेतली म्हणून. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जीभ उचलतेय. नाहीतर आजवर किती वेळा ओठांवर आली आणि गिळली, काय सांगू.

आणि सांगायला बसले की आधी रागच येतो बघा. आठ वर्षं होत आली, तरी. कशाचा राग? बसून राहण्याचा. मला पाचवा महिना होता. उचगावात आमचं घर, नवरा फौंड्रीत सुपरवायझर. कंपनीनं सगळ्यांना घरच्या माणसांसकट एका मोठ्या थीम पार्कला न्यायचं ठरवलं होतं. मला न्यायचं की नाही, यावर घरात दोन दिवस खल चालला — माझ्यासमोर, पण मला न विचारता. शेवटी सासूबाई म्हणाल्या, येऊ दे, बसंल निवांत एका जागी.

निवांत! या शब्दानं अजून माझं डोकं फिरतं. तिसऱ्या महिन्यापासून तेच चाललेलं — जिना चढू नको, हात वर करू नको, पपई नको, मोठ्यानं हसूसुद्धा नको. दोन जिवांची ना मी! अहो, त्या दोनातला एक जीव माझा आहे, हे कुणाच्या ध्यानात तरी होतं का? मी शिरोळकडची. घाटावरून कृष्णेत उड्या मारत वाढलेली पोरगी. मला तिथं नेऊन एका बाकड्यावर बसवलं, आणि शेजारी सात पिशव्या, मामंजींच्या चपला, नवऱ्याचा मोबाईल आणि पाकीट ठेवलं. नवरा दर अर्ध्या तासानं भिजून, हसत यायचा, पाणी प्यायचा, काय भारी आहे म्हणून सांगायचा आणि परत पळायचा. मी पिशव्या मोजत बसलेली.

माझ्याबरोबर सायली होती. माझी नणंद, अठरा वर्षांची, नुकती बारावी झालेली. कोल्हापूरच्या पोरी बोलतात तशी ‘मी आलो, मी गेलो’ बोलणारी, गाडी बुंगाट पळवणारी, घरात सगळ्यांच्या मते हूड. तिला सासूबाईंनी माझ्यावर लक्ष ठेवायला बसवलं होतं. सकाळपासून बिचारी हललीसुद्धा नाही. वर मलाच म्हणाली, मी काय, पुढं पुण्यातनं मैत्रिणींबरोबर हितं परत येतो की. कारण तिला पुण्याला फिजिओथेरपीला सीट मिळाली होती. शाळेत कबड्डी खेळताना तिचा गुडघा गेला होता आणि एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला सहा महिन्यांत परत पळती केली होती. तेव्हापासून पोरीचं एकच — मला ते व्हायचंय. मामंजी मुलीला एकटी पाठवायला तयार नव्हते. वर्षभर त्यांच्या मागे लागून तिनं कसाबसा होकार मिळवला होता.

हे सगळं मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा, कारण मी विसरले होते असं म्हणायचीही सोय नाही.

दुपारी मी तिला म्हटलं, भेळ खावीशी वाटते गं. आमच्याकडं पोटुशी बाईनं काही मागितलं की माणसं धावतात — डोहाळे अडवायचे नसतात. भेळेचा गाडा पार दुसऱ्या टोकाला होता, रांग मोठी होती. ते मी आधीच बघून ठेवलं होतं. ती पळत गेली. मी पिशव्या तिथंच टाकल्या आणि उठले.

समोर ते जहाज होतं, मागंपुढं झोके घेणारं. रांगेजवळच्या पाटीवर पोट असलेल्या बाईचं चित्र, त्यावर लाल फुली. वर गेटवरच्या माणसानं विचारलंच, मॅडम, गरोदर नाही ना? मी ओढणी पसरून हसले आणि म्हणाले, नाही हो, लग्नानंतर सुटलंय. तोही हसला. इतकं सहज आलं तोंडातून! पोटातल्या लेकराला नाही म्हणाले मी, आणि जीभसुद्धा अडखळली नाही.

कसं होतं म्हणून सांगू? जहाज वर गेलं आणि एक क्षण सगळं थांबलं — खाली बाकडं, पिशव्या, सगळं बारकं दिसलं — आणि मग धाडकन खाली. नाद खुळा! मी ओरडले. पाच महिन्यांत पहिल्यांदा गळा मोकळा करून ओरडले. जहाज थांबलं, लोक उतरले. आणि मी? मी उतरून परत रांगेत उभी राहिले. एकदाचं समजू शकतं कुणीही. दुसऱ्या वेळी मला सगळं कळत होतं.

दुसऱ्यांदा उतरले तर कठड्यापाशी सायली, दोन्ही हातांत भेळ. तोंड पांढरंफटक. काय केलंसा वहिनी हे, एवढंच म्हणाली. मग मला बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि आपणहून म्हणाली की घरी सांगणार नाही. मी मागायच्या आत तिनं तो शब्द दिला.

परतीच्या वाटेवर बस चहाला थांबली तेव्हा मला रक्त दिसलं. थेट कोल्हापुरात दवाखाना गाठला. तपासलं. ठोके ठीक होते, बाळ ठीक होतं. पण डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, काही हिसका, धक्का बसला होता का? खरं सांगा, बाळासाठी विचारतोय. आता सांगणं भागच होतं. नवरा बघतोय, सासूबाई देवाचं नाव घेताहेत, मामंजी दारात. मी सांगितलं, जहाजात बसले होते. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. आणि मी रडत म्हणाले, “सायलीनं ओढून नेलं. मी नको नको म्हणत होते.”

झालं. एवढंच वाक्य आहे. आठ वर्षं हेच पोटात घेऊन फिरतेय.

सायली म्हणाली, आई, मी न्हाय — आणि सासूबाईंनी तिच्या थोबाडीत दिली. म्हणाल्या, “पोटुशी बाई खोटं बोलती व्हय?” त्यावर कोण काय बोलणार? डॉक्टरांनी मला ताण द्यायचा नाही म्हणून बजावलेलं, त्यामुळं मला परत कुणी काही विचारलंच नाही. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की वार, म्हणजे प्लॅसेंटा, खाली आहे, तशातही असं रक्त जातं. ते ऐकून मला बरं वाटलं — माझ्यापुरतं. सायलीच्या बाजूनं ते कुणी काढलं नाही, मी तर नाहीच.

मामंजींचं म्हणणं पडलं, जिला एक माणूस एक दिवस सांभाळता येत नाही, तिला पुण्यात एकटी कशी सोडायची? सीट गेली. माझ्या नवऱ्यानं त्या वर्षी तिच्याकडून राखी बांधून घेतली नाही. आणि मला सांगितलेली विश्रांती चार महिन्यांची, तर माझं करायला कुणाला ठेवलं असेल? तिलाच. मला जागेवर जेवण द्यायची. माझे पाय सुजले तर मोबाईलवर बघून पायांचे व्यायाम शिकली आणि माझ्याकडून रोज करून घ्यायची, हळू वहिनी, हळू, म्हणत. त्या चार महिन्यांत ती एकदाही बोलली नाही त्यावर. चिडली असती, भांडली असती, तर मला जरा सोपं गेलं असतं. आणि मी? उद्या सांगू, बाळंतपण होऊ दे, बारसं होऊ दे, मामंजींचं ऑपरेशन होऊ दे... भित्र्या माणसाला सबबींचा काय तोटा! मग तिनं इथंच बी.कॉम. केलं, मग जयसिंगपूरला दिली. नवरा चांगला आहे तिचा. हे मी स्वतःला किती वेळा सांगते, विचारू नका.

गेल्या महिन्यात तिचं डोहाळजेवण केलं आम्ही. सातवा महिना. तिच्या केसांत फुलांची वाडी मीच बांधत होते. खोलीत आम्ही दोघीच. ती आरशातही बघत नव्हती, मान खाली. म्हणाली, “वहिनी, त्या दिवशी मजा तरी आली होती का?”

आठ वर्षांत पहिल्यांदा. दार बंद होतं, कुणी ऐकत नव्हतं, आणि ती काही परत मागत नव्हती. आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, “न्हाय गं. चक्कर आली नुसती.”

तिनं मांडीवरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, “मग फुकटच गेलं की माझं.” बाहेरून बायकांनी हाक मारली, ती पोट सावरत उठली आणि फोटोला गेली.

मजा आली होती, सायली. तेवढी ना त्याआधी कधी आली, ना नंतर.